जाम-कन्हानच्या खोऱ्यातील सायकलवाटा

रेल्वेने नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या प्रवाशास पांढुर्णा म्हणजे खिडकीबाहेर क्षणभर दिसणारी एक पाटी होय. मोटारीने जाणाऱ्यास ते राजमार्गावरील चहाचे एक ठिकाण. सौसरची ओळख तर नागपूर-छिंदवाडा मार्गावर लागणारे संत्र्यांचे गाव एवढीच असते. वेगाने जाणाऱ्या मनुष्याला गावांची नावे तेवढी कळतात, भूमी कळत नाही. भूमी कळावयास एक तर पायी चालावे लागते, नाही तर सायकलीवर बसावे लागते. पायी चालण्याइतका अवकाश आजच्या धर्मगुरूस मिळत नाही. यास्तव आम्ही सायकल पत्करली आहे.

सोमवार हा आमचा मोकळा दिवस. सकाळचा मिस्सा आटोपला की भाकरी, चटणी आणि पाण्याच्या दोन बाटल्या कॅरिअरला बांधून आम्ही निघतो. वाटेत कोणी वयोवृद्ध शेतकरी हमखास थांबवून विचारतात, "काहून जी फादर, मोटारसायकल बिघडली का?" बिघडली नाही, ती घरीच उभी आहे, असे सांगितले की त्यांच्या मुद्रेवर काळजी उमटते. धडधाकट वाहन घरी ठेवून घाम गाळणाऱ्या मनुष्याच्या डोक्याविषयी शंका यावी, यात त्यांचा काही दोष नाही. तथापि या वाटांनी आम्हांस काय दिले, आणि आपल्या मुलाबाळांना त्या काय देऊ शकतील, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेखप्रपंच आहे.

प्रथम या मुलखाविषयी थोडेसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. परंतु छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा आणि सौसर हे मराठी बोलणारे तालुके मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. कचेरीची भाषा हिंदी, घरातली मराठी, आणि बाजारात दोहोंची सरमिसळ, अशी येथील रीत आहे. सीमेवरची माणसे दोन भाषांत हसू शकतात, हा त्यांचा मोठाच लाभ होय.

आता पाण्याविषयी, कारण सायकलस्वाराचा खरा नकाशा पाण्याचाच असतो. रस्ता चढू लागला की समजावे, आपण एका नदीचे खोरे सोडून दुसऱ्या नदीकडे चाललो आहो. पांढुर्ण्यातून वाहणारी जाम नदी पूर्वेकडे सौसरच्या बाजूस जाते आणि पुढे कन्हानला मिळते. कन्हान उत्तरेच्या डोंगराळ प्रदेशातून उतरते, देवगडाच्या बाजूने आणि रामाकोन्यावरून वाहत नागपूर जिल्ह्यात शिरते, पेंचला पोटात घेते आणि वैनगंगेस जाऊन मिळते. पांढुर्ण्याच्या पश्चिमेस मात्र पाणी वर्धा नदीकडे धावते. ही वर्धा मुलताई तालुक्यात उगम पावते. मुलताईलाच तापीचाही उगम. पण ती पश्चिमेची वाट धरून सुरतेजवळ अरबी समुद्र गाठते. म्हणजे पांढुर्ण्याहून सायकलीने निघालेला मनुष्य एका दिवसात दोन समुद्रांची पाणी वेगळी होतात तेथे जाऊन येऊ शकतो!

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. पांढुर्ण्याच्या एका अंगास पडलेला पावसाचा थेंब वर्धेस जातो, दुसऱ्या अंगास पडलेला जाम आणि कन्हानच्या मार्गाने वैनगंगेस जातो. दोघांची ताटातूट होते. परंतु शेकडो मैल दूर वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम होऊन प्राणहिता जन्मास येते, आणि तेथे ते दोन्ही थेंब पुनः एकत्र येऊन गोदावरीकडे चालू लागतात. भाऊबंदकीने दुभंगलेल्या कित्येक घरांत आम्ही ही कथा सांगितली आहे. ती ऐकून सगळेच भाऊ एक झाले असे नाही. पण ऐकून घेतली सर्वांनी.

पहिली वाट पांढुर्ण्याहून सौसरची. अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. नवशिक्यास हीच बरी, कारण हिच्यावर चढ आहेत पण ते दम घेऊ देतात. समुद्रसपाटीपासून पांढुर्ण्याची उंची सुमारे पावणेपाचशे मीटर. सौसर त्याहून खाली, चारशेच्या आत. जाताना एकंदर उतार आपल्या बाजूचा असतो, येताना तो आपले ऋण वसूल करतो. दोन्ही अंगांस कपाशी, तूर, सोयाबीन, आणि विहिरीचे पाणी पुरते तेथे संत्र्यांच्या बागा. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात. त्या दिवसांत पहाटे सायकलीवर असावे. फुलांचा वास थंड हवेत जमिनीलगत साचलेला असतो आणि आपण त्यातून पोहत गेल्यासारखे जातो. मोटारीच्या बंद काचेस तो सुगंध ठाऊक नसतो. मृग बहार पावसाळ्याच्या तोंडी फुलतो आणि त्याची फळे उन्हाळ्याच्या आरंभी उतरतात. बागवानाचे वर्ष या दोन बहारांवर तोललेले असते. एखादी गारपीट आली की मुलीचे लग्नही पुढे जाते.

पांढुर्णा सोडताना जामचा पूल लागतो. पलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या दोन गावांत नदीच्या पात्रात गोटमार होते. मध्यभागी पळसाचे झाड रोवतात, त्यावरील झेंड्यासाठी दोन्ही तीरांवरून दगड चालतात, आणि दरवर्षी माणसे रक्तबंबाळ होतात. कित्येकांनी त्यात प्राणही गमावले आहेत. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत याच पुलावरून सावरगावचे लोक बाजारास येतात, पांढुर्ण्याचे लोक पाहुणचारास जातात, आणि कोणी कोणास दगड दाखवीत नाही. आम्ही पुलावर सायकल थांबवून खाली पाहतो, तेव्हा गोटे स्वच्छ धुतलेले, निरुपद्रवी पडलेले असतात. दगडास स्वतःचे वैर नसते. ते मनुष्याच्या हाताकडून येते.

वाटेवरून थोडे वळले तर मोहगावास सर्पा नदीच्या काठी अर्धनारीश्वराचे जुने देवालय आहे, आणि सौसरजवळ जामसावळीचे निद्रिस्त हनुमंताचे प्रसिद्ध स्थान. मंगळवारी व शनिवारी तेथे भाविकांची रीघ लागते. आमच्या अंगावरचा झगा पाहून तेथील दुकानदार बिचकत नाहीत. उलट "फादर, सावलीत बसा," म्हणून बाक पुढे करतात. तहानलेल्यास पाणी द्यावयाचे, ही शिकवण या खोऱ्यात कोणा एकाच्या मालकीची नाही.

सौसरची आणखी एक कीर्ती आहे, जी सौसरच्या पुष्कळ लोकांनाही ठाऊक नाही. भूगर्भशास्त्रज्ञ या भागातील अतिप्राचीन खडकांच्या एका मोठ्या समूहास 'सौसर समूह' असेच म्हणतात. मँगनीजची जी खनिजे नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात निघतात, ती याच समूहातील. पांढुर्ण्याकडील काळी जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेली. सौसरकडे येता येता तिच्याखालचे कितीतरी जुने खडक डोके वर काढतात. सायकलीच्या चाकाला हा फरक कळतो. काळी माती पावसात मडगार्डमध्ये अशी घट्ट बसते की चाक फिरेनासे होते आणि काडीने उकरावे लागते. कंकराची वाट खडखडते पण सोडून देते.

दुसरी वाट सौसरहून छिंदवाड्याची, सुमारे पन्नास किलोमीटर. ही या खोऱ्यातली सर्वांत सुंदर, आणि हिला मान द्यावा लागतो. सौसरहून रामाकोन्यास कन्हान ओलांडली की समोर सातपुडा उभा असतो. मग सिल्लेवानीचा घाट. सागाचे जंगल, वळणावर वळण, आणि वर उमरानाल्याकडील पठार. छिंदवाडा सुमारे पावणेसातशे मीटर उंचीवर आहे. म्हणजे सौसरहून निघालेल्याने तीनशे मीटरांच्या आसपास चढावे, तेव्हा तो तेथे पोचतो. आमचे बालपण वसईच्या किनाऱ्यावर गेले. तेथे चढ म्हणजे रेल्वेच्या पुलाचा चढ. सिल्लेवानीच्या पहिल्या वळणावर आमचे पाय आम्हांस लिहून-पुसून कळवू लागले की त्यांची अशी सवय नाही. आम्ही खाली उतरून सायकल ढकलली. घाटात सायकल ढकलणे यात लाज कसली? जो उतरून चालतो तोही वर पोचतोच.

याच डोंगरातून पूर्वी नागपूर-छिंदवाड्याची छोटी गाडी जात असे. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ती डुलत डुलत घाट चढे. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली, आणि २०२१ पासून त्या मार्गावर रुंद रुळांची गाडी धावू लागली. नवी गाडी वेगवान आहे, आणि तिचा उपयोग मोठा आहे, यात शंका नाही; परंतु वृद्ध माणसे आजही छोट्या गाडीविषयी बोलताना घरातल्या गेलेल्या माणसाविषयी बोलावे तसे बोलतात. ज्यास सवड आहे त्याने उमरानाल्याकडून वाट वाकडी करून देवगडचा किल्ला पाहावा. गोंड राजांची ही राजधानी. येथील बख्त बुलंद शहाने १७०२ साली नागपूर वसविले. आज नागपूर लाखोंचे आहे आणि देवगड रानाच्या स्वाधीन आहे. राजधान्याही घाट उतरून जातात!

तिसरी वाट पांढुर्ण्याहून मुलताईची. अंतर चाळीस-बेचाळीस किलोमीटर, आणि मुलताईची उंची सुमारे साडेसातशे मीटर. रेल्वेही याच अंगाने चिचोंड्याकडे घाट चढते. या चढाचा आम्ही एकदा हिशेब मांडला. आमचे, सायकलीचे आणि सामानाचे मिळून वजन शंभर किलो. ते पावणेतीनशे मीटर उचलावयास शरीराला जी शक्ती खर्चावी लागते, ती सुमारे पावणेतीनशे उष्मांकांची; म्हणजे ज्वारीच्या दोन भाकरी! वारा, खडबडीत रस्ता आणि अंतर यांचा खर्च वेगळा. पण नुसता डोंगर चढण्याचे भाडे दोन भाकरी. मनुष्याने निर्माण केलेल्या वाहनांत इतक्या थोडक्यात समाधान मानणारे दुसरे वाहन आम्हांस ठाऊक नाही.

परंतु ही तिसरी वाट आम्ही आता कोणास सुचवीत नाही. हा चौपदरी राष्ट्रीय राजमार्ग आहे. दक्षिण आणि उत्तर हिंदुस्थानचे मालट्रक येथून रात्रंदिवस धावतात. त्यांच्या वाऱ्यानेच सायकल हातभर सरकते. ज्यास मुलताईस जाऊन तापीचा उगम पाहावयाचा आहे त्याने आगगाडीने जावे.

वाचकहो, या राजमार्गाविषयी लिहिताना आमची लेखणी अडखळते, त्यास कारण आहे. येथे येऊन आम्हांस फार वर्षे झाली नाहीत. तरीही या रस्त्याने आणलेल्या तरुणांच्या शवपेट्यांवर आम्ही तीन वेळा पवित्र पाणी शिंपडले आहे. तिघेही मोटारसायकलीवर होते. त्यांतील धाकटा सोळा वर्षांचा होता. त्याच्या आईने दफनभूमीत आम्हांस एकच विचारले, "फादर, त्यानं हट्ट केला, आमी पुरवला. हट्ट पुरवणं पाप हाये का?" आम्ही तिला म्हणालो, "नाही, बाई. प्रेमाने दिले ते पाप नव्हे." ते खरेच होते. पण घरी परतताना दुसरा विचार मनात आला. जे लेकरू अजून आपल्याजवळ आहे, त्याच्या आईबापांशी बोलावयास हवे; आणि ते शवपेटीशेजारी नव्हे, आधी.

असा प्रसंग लवकरच आला. सौसरच्या बाजूच्या एका खेड्यात आमचे एक कुटुंब आहे. दोन एकर कपाशी आणि दुसऱ्याच्या बागेत संत्रातोडणीची मजुरी यांवर घर चालते. थोरला मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत. धाकटी मुलगी नुकतीच दहावी उत्तीर्ण झालेली, आणि उत्तम गुणांनी. उच्च माध्यमिक शाळा नऊ किलोमीटरांवर. बस सकाळी एक, तीही कधी येते, कधी येत नाही. मुलगा कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून जाई. मुलीस असे कोणाच्या मागे धाडावयाचे नाही, म्हणून तिचे शिक्षण थांबवावे असा विचार घरात चालला होता. तोच वडिलांनी तोड काढली. हप्त्याने मोटारसायकल घ्यावयाची. ते आम्हांस म्हणाले, "फादर, गाडी घेतली म्हंजे पोरगा बहिणीलेबी शाळेत नेईन. दोघायचंही काम होईन."

हा विचार वाईट नव्हता. गाडी नाही म्हणावे तर मुलीची शाळा बुडते. हो म्हणावे तर सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती दोन जीव सोपविले जातात. आम्ही कायद्याची गोष्ट सांगितली. आपल्या देशात अठरा वर्षांच्या आत गिअरची मोटारसायकल चालविण्याचा परवाना मिळत नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार अल्पवयीन मुलाने असा गुन्हा केल्यास त्याच्या पालकास किंवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते. आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळू शकत नाही. वडील शांतपणे म्हणाले, "गावात समदेच चालवतात जी." यावर काय बोलावे? समदेच चालवितात, हेही खरे होते.

त्या घराच्या भिंतीला एक सायकल टेकलेली होती. शाळा गावाबाहेर असलेल्या मुलामुलींना राज्य सरकार सहावीत आणि नववीत विनामूल्य सायकल देते, त्यांपैकी ती. मुलगी दोन वर्षे तिच्यावरून तीन किलोमीटरांवरच्या शाळेत जात होती. दहावी संपली, आणि सायकलीवर वाळवणाचे फडके आले. आम्ही विचारले, "हिनेच जाऊ द्या ना." वडील म्हणाले, नऊ किलोमीटर फार होतात, पोरीच्या जिवाला झेपायचे नाही. मुलगा म्हणाला, सायकलीवर जाणारास पोरे हसतात. आणि आई, जी इतका वेळ चुलीशी गप्प होती, ती म्हणाली, "मले भेव पोरीचं नाही, रस्त्याचं हाये."

तिघांचे तीन आक्षेप होते, आणि तिघांनाही तीन निराळी उत्तरे हवी होती. नुसत्या उपदेशाने ती मिळण्याजोगी नव्हती.

वडिलांचे उत्तर सिल्लेवानीने दिले. सुटीच्या एका दिवशी गावची पाच मुले आम्ही रामाकोन्याहून घाटात नेली. त्यांत ही दोघे भावंडे होती, आणि वडीलही शेजाऱ्याची सायकल घेऊन मागोमाग आले. पहाटे साडेपाचला निघालो. मोठी मुले पहिल्या चढावर उभे राहून पायडल मारीत जोराने सुटली आणि दुसऱ्या वळणावर धापा टाकीत बसली. मुलगी एकाच लयीत, बसूनच, हळूहळू चालली होती. कोठे फार झाले तर उतरे, पन्नास पावले चाले, पुनः बसे. घाटमाथ्यावर ती सर्वांच्या आधी पोचली. तिने भावासाठी पाणी राखून ठेवले होते. वडील शेवटी आले, सायकल ढकलीत. लेकीकडे पाहून ते काही बोलले नाहीत. पण भाकरी सोडताना पहिली भाकरी त्यांनी तिच्या हाती दिली. खाताना तीच म्हणाली, "फादर, मी घाट चढली, तं मंग शाळेत काहून नाही जाऊ शकत?"

आईचे उत्तर शोधावयास आम्हांस तीन सोमवार लागले. मोठ्या रस्त्याने शाळा नऊ किलोमीटर. पण खेड्यापाड्यांत जुन्या पांदणी असतात, ज्या शेताशेतांच्या बांधांमधून बैलगाड्यांसाठी सोडलेल्या आहेत. मोठे रस्ते झाले आणि आपण पांदणींना विसरलो. आम्ही त्या एकेक करून सायकलीने पालथ्या घातल्या. एक ओढ्यात संपली. एक कोणीतरी कुंपणात घेतली होती. तिसरी मात्र एका जुन्या आमराईतून, दोन वस्त्यांवरून, थेट शाळेच्या मागील बाजूस निघाली. अंतर अकरा किलोमीटर, दोन अधिक. परंतु तिच्यावर ट्रक नाही, आणि दर थोड्या अंतरावर राखणदाराचे खोपटे आहे. वाटेवरील दोन्ही वस्त्यांतून एकेक मुलगी त्याच शाळेत जाणारी निघाली. तिघींनी मिळून जावयाचे ठरले. आईने ती वाट स्वतः एकदा चालून पाहिली, वस्तीवरच्या बायांशी बोलली, आणि मगच होकार दिला.

मुलाचे उत्तर मात्र अजून मिळावयाचे आहे. मोटारसायकल अठराव्या वर्षावर गेली, म्हणून तो अद्याप आमच्यावर रुसलेला आहे. चर्चमध्ये शेवटच्या रांगेत बसतो आणि मिस्सा संपताच निघून जातो. सोळा वर्षांच्या मुलाचा अभिमान ही काही लहान गोष्ट नव्हे, आणि ती थट्टेने किंवा अधिकाराने मोडू नये. आम्ही वाट पाहू. पावसाळ्याचे चार महिने पांदणीत गुडघाभर चिखल होतो, तेव्हा मुलींना मोठ्या रस्त्यावरील बसशिवाय गती नाही, आणि बस अजूनही कधी येते, कधी येत नाही. तेही खरे आहे. सायकल हा सर्व दुःखांवरील उतारा नाही. पण वर्षातील आठ महिने एक मुलगी शाळेत जाते.

या मुलांना घाटमाथ्यावर आम्ही जी हकीकत सांगितली, तीच येथे सांगतो. इटलीत कोमो सरोवराजवळ गिझाल्लो नावाचा घाट आहे. त्याच्या माथ्यावर पवित्र मरियेचे एक लहानसे मंदिर आहे. वाटसरू तिला पूर्वापार आपली रक्षणकर्ती मानीत. पुढे शर्यतीतील सायकलस्वार त्या घाटातून जाऊ लागले, आणि १९४९ साली पोप बारावे पायस यांनी गिझाल्लोच्या मातेस सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. त्या मंदिरात मोठमोठ्या विजेत्यांच्या सायकली टांगलेल्या आहेत. त्या माथ्याची उंची साडेसातशे मीटरांच्या किंचित वर. म्हणजे जवळजवळ आपल्या मुलताईइतकी! मुलांना याचे फार आश्चर्य वाटले.

त्याच देशाचा जिनो बार्ताली हा १९३८ आणि १९४८ साली फ्रान्सची सुविख्यात सायकल शर्यत जिंकला. या दोन विजयांच्या मध्ये महायुद्ध होते. जर्मनांच्या ताब्यातील इटलीत ज्यू लोकांची धरपकड चालू असता, सरावाला निघालो आहे असे दाखवून हा मनुष्य सायकलीच्या पोकळ नळीत बनावट ओळखपत्रे लपवून ती पोचवीत असे, आणि त्या कागदांनी माणसे वाचत. फ्लॉरेन्स आणि असिसी यांमधील लांबच लांब अंतर त्याने याकरिता तुडविले. हयातीत त्याने याचा बोभाटा केला नाही. २००० साली तो वारला, आणि २०१३ साली इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने त्याला मरणोत्तर गौरविले. सायकल गरिबाची खूण आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या पोकळ नळीत काय काय मावते ते ध्यानी घ्यावे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. या मुलखात मे महिन्यात ऊन माणसास भाजून काढते. तेव्हा नऊच्या आत घरी परतावे, किंवा निघूच नये. उत्तम काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. बाभळीचा काटा हा येथील सायकलीचा प्रथम शत्रू होय. तेव्हा जादा ट्यूब, पंप, सोल्युशन आणि चिंधी जवळ असावी, आणि पंक्चर काढावयास मुलामुलींना घरीच शिकवावे. पूर्वी प्रत्येक बाजारगावी लिंबाखाली पाण्याची परात मांडून बसलेला सायकल-मिस्त्री असे. चाकाची आक त्याला नुसत्या आवाजावरून कळे, आणि छर्रे बदलताना तो गावची सारी बातमी सांगे. आता असे मिस्त्री थोडे उरले आहेत, आणि त्यांची मुले मोटारसायकली दुरुस्त करतात. जे उरले आहेत त्यांच्याकडे काम नेऊन द्यावे. त्यांचा धंदा टिकला तरच आपली सायकल टिकेल. सीट इतकी उंच ठेवावी की पायडल खाली असता गुडघा जवळजवळ सरळ व्हावा. निम्मी थकावट सीट खुजी असल्याने येते. साखळीला महिन्यातून दोनदा तेल द्यावे. मागे लाल दिवा किंवा निदान चमकणारी पट्टी असल्याखेरीज अंधारात रस्त्यावर येऊ नये. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत. घाट चढताना जीव दमतो, पण धोका उतरतानाच असतो.

पोळा होऊन गेला की दसरा-दिवाळी येईल, कपाशीचे पैसे हाती येतील, आणि पुष्कळ घरांत मुलाच्या गाडीचा विषय निघेल. आईबापांनो, त्या वेळी मुलास लागलीच हो किंवा नाही म्हणू नका. भिंतीशी टेकलेली सायकल असेल तर तिच्यावरचे वाळवण काढा, चाकांत हवा भरा, आणि एका सकाळी त्याच्याबरोबर, आणि मुलीलाही घेऊन, कन्हानच्या पुलापर्यंत जाऊन या. मार्गात तो काय बोलतो ते ऐका. एरवी घरात न बोलणारी मुले सायकलीवर पुष्कळ बोलतात, असा आमचा अनुभव आहे. मग काय तो निर्णय करा.

आणि कोणा गावची जुनी पांदण बुजली असेल तर ती शोधून काढण्याच्या कामी आम्हांस अवश्य बोलवा. सोमवारी आम्ही मोकळे असतो.